नगरला धूळ मिळेना

सरकारी प्रयोगशाळेत शोध लागतात, पण त्यांना फाटकाबाहेर काढायला माणूस लागतं. नव्वदच्या दशकात नगरमध्ये ते माणूस मी होते. कडक इस्त्रीची साडी नेसून सावेडीहून स्कूटरवर निघायचे, तेव्हा देशाचं संरक्षण आणि उद्योग दोन्ही आपल्याच डिकीत आहेत असं वाटायचं. डिकीत असायचा जेवणाचा डबा. 'तंत्रज्ञान हस्तांतरण' हे माझ्या कक्षाचं नाव मी घरातसुद्धा उच्चारत असे. नवरा म्हणायचा, "आधी ती कोथिंबीर इकडे हस्तांतरित कर, भाजी करपतेय."

आमच्या शास्त्रज्ञांनी लष्करी ट्रकसाठी एक एअर फिल्टर बनवला होता. वाळवंटातली पिठासारखी धूळही तो अडवतो म्हणे. बरीच वर्षं तो काचेच्या कपाटात असल्यामुळे त्याचा आणि धुळीचा परिचय तेवढा व्हायचा राहिला होता. तो बनवायचा परवाना मी एमआयडीसीतल्या एका तरुणाला मिळवून दिला. हा राहात्याकडचा, साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडून वर्कशॉप टाकलेला. लष्कराने फिल्टर पसंत केला तर वर्कशॉप चालणार, नाहीतर परत कारखान्याच्या दारात. आणि तिथे त्याच्या खुर्चीवर आता त्याचा साडू बसलेला.

"ताई, उपाशी ऱ्हाईन," तो म्हणायचा, "पर साडूच्या हाताखाली न्हाई जायाचा."

अखेर चाचणी ठरली. संस्थेमागच्या मैदानात दोन ट्रक फिरणार, एकात जुना फिल्टर, दुसऱ्यात आमचा. मग दोन्ही उघडून बघायचे. बघायला लष्कराचे एक कर्नल येणार.

स्वागत समितीची प्रमुख अर्थातच मी. मोठा साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागायचा आणि रस्त्यावर पाणी पडायचं. साहेबाच्या बुटांवर धूळ बसली तर संस्थेची शोभा जाते.

माळ्याने विचारलं, "बाई, मागचं मैदान?"

"तेही! चांगलं भिजवा."

टँकर सकाळभर फिरला. मग ट्रक फिरले. फिल्टर उघडला, तर आमचा कोरा करकरीत! संचालकसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, मी त्यांच्याहून जोरात.

"बघा सर, धुळीचा कणसुद्धा नाही!"

कर्नलसाहेबांनी शांतपणे जुना फिल्टर उचलला. तोही बोहल्यावरच्या नवरदेवासारखा स्वच्छ.

"मॅडम," साताऱ्याकडच्या खणखणीत मराठीत ते म्हणाले, "मी धूळ बघायला आलो होतो. तुम्ही भातशेती दाखवताय."

"पाहुण्यांना त्रास नको म्हणून, सर..."

"मग पाहुणा जातो आता. पुढच्या वर्षी बघू."

टाळीसाठी वर केलेले माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. तरुण मात्र सरळ कर्नलसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "पुढच्या वर्षी मी साडूला चहा नेऊन देत असंल, साहेब."

"कोण साडू?"

त्याने खुर्चीसकट सगळं सांगितलं. कर्नलसाहेबांनी हातातला जुना फिल्टर खाली ठेवला.

"माझा साडू ब्रिगेडियर आहे," ते म्हणाले. "चला. धूळ कुठे मिळेल?"

"कर्जतला!" संचालकांपासून माळ्यापर्यंत सगळे एका सुरात ओरडले. आमच्या संस्थेतलं ते पहिलं एकमत.

आमच्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी कर्जतकडच्या गाडीवाटांवर दुपारभर ट्रक फिरले. जुन्या फिल्टरचा ट्रक खोकत खोकत थांबला, आमचा धावत राहिला. पापण्यांपर्यंत पांढरे झालेले कर्नलसाहेब खूश होऊन शिफारस लिहून गेले. ती शिफारस दिल्लीला पोचली आणि 'विचाराधीन' झाली. माझ्या निवृत्तीपर्यंत तिचा विचार चालूच होता.

पण त्याच दुपारी वाटेकडेच्या खळ्यावर एक शेतकरी मळणी यंत्र बंद करून आमची गंमत बघत होता. भुशाने त्याचं इंजिन सारखं गुदमरायचं.

"काय हाय वो ह्ये?" त्याने विचारलं.

मी पदर सावरून पुढे झाले. "शासकीय संशोधनातून विकसित झालेलं हे तंत्रज्ञान..."

"सरकारी हाय व्हय? मग ऱ्हाऊ द्या." त्याने पाठ फिरवली.

तरुण माझ्या कानाशी आला. "ताई, तुमी जरा जीपमंदी बसता का?"

बसले. काचेतून बघत राहिले. त्याने इंजिनाचं झाकण काढलं, आतला भुसा शेतकऱ्याच्या तळहातावर ओतला आणि म्हणाला, "ह्या मापाचा धाकटा करून आनतो. न्हाई चालला तर माझ्याच डोक्यात घाला." शेतकरी हसला. त्याने शेजारच्या खळ्यावरच्यांनाही हाक मारली.

पुढच्या सुगीपासून मळणीवाल्यांची वर्कशॉपवर रीघ लागली. साडूचं तोंड बघायची वेळ त्याच्यावर आली नाही. गावोगाव फिल्टर विकायला जाताना तो मला आठवणीने कळवायचा नाही.

मी मात्र वार्षिक अहवालात लिहिलं: 'कक्षाच्या अथक पाठपुराव्यामुळे तंत्रज्ञानाचा व्यापारी बाजारपेठेत यशस्वी प्रवेश.' संचालकसाहेबांनी भर सभेत शाबासकी दिली. मी ती घेतली. मिळतेय तर नको कशाला म्हणायचं?