रखमाजीच्या पाठीची माती

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई. पर ह्ये सांगताना माझं डोस्कं फिरतं, म्हनून घेते: रखमाजी. कुरवंड्याचे पैलवान. कान्ह्यापासून मळवलीपतुर जत्रंजत्रंत कुस्त्या मारल्या, पर पाठीला कवा माती लागू दिली न्हाई. कुस्तीत दुसरं काय असतंय? पाठ टेकली की मानूस हरला, आन् गावानं तोंड फिरवलं.

वय झालं तशा कुस्त्या सुटल्या. गुडघे बोलाय लागले, तरी ह्ये लोनावळ्याच्या टेसनावर लोकांच्या ट्रंका उचलायचे. मग मोठी लढाई लागायच्या आदल्या उन्हाळ्यात एका शेटच्या बंगल्यावर मुंबईचे मास्तर आले. जपानी पेच शिकवायचा आठवडाभराचा वर्ग काढला. सकाळपासून दिवस मावळंपतुर नुसती मेहनत. वर्गात जो चांगला निघंल त्येला बंगल्यावरच्या तालमीत पोरं शिकवायला ठेवून घेनार, कायमचं. ह्ये नाव घालून आले. मला वाटलं, सुटले बाई हमालीतनं.

कसलं काय! पहिल्याच दिवशी मास्तर म्हनले, "आधी पडायला शिका. पाठीवर पडायचं, हात जमिनीवर आपटायचा, उठायचं. ज्याला पडता येत नाही त्याच्या हातात मी पोरं देणार नाही."

आन् आमचे ह्ये? मास्तरांनी उचलून टाकलं की मांजरावानी वळायचे आन् पोटावर पडायचे. नाक फुटलं, कोपरं सोलली, पर पाठ टेकंना. घरी आले तर भाकरीकडं बघंनात. "शेवटच्या दिसापतुर जमलं न्हाई तर नोकरीचं नाव काढू नका, म्हनले मास्तर."

माझा नुसता संताप झाला. "अवं, ती कुस्ती हाय व्हय? तितं कोन तुमची पाठ बघायला बसलंय?" तर न्हाई म्हनजे न्हाई! पहाटं गोठ्यामागं भाताचा पेंढा पसरला, ह्येंना हाताला धरून उभं केलं, आन् छातीवर दोनी हात टेकून दिलं ढकलून. वळून पोटावर. पुन्यांदा ढकललं. पुन्यांदा पोटावर. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "उचला मग ट्रंका, मरंस्तवर उचला!" तवा कुटं पाठ टेकली. तसेच पडून राहिले आन् ढसाढसा रडले. एवढा थोरला गडी! मीबी रडले. पर उठा म्हनले, आन् पुन्यांदा ढकललं. मग रोज पहाटं त्योच उद्योग.

शेवटच्या दिवशी बंगल्याच्या अंगनात सगळ्यांसमोर खेळ व्हता. ह्येंचे वस्ताद, भिमाजी आबा, गावची मानसं घेऊन आलते. मीबी गेलते. मास्तरांनी ह्येंना खांद्यावरनं फेकलं. ह्ये पाठीवर पडले, हात आपटला आन् हसत उभे राहिले. काय सुरेख पडले! मास्तर म्हनले, "शाबास! तालीम तुमची."

"पाठ लागली! पाठ लागली!" गावची मानसं वरडली. आन् हसली की मेली! ज्यांनी जन्मात लंगोट बांधला न्हाई ती! आबा उठले, डोक्याचा फेटा सोडला आन् मास्तरांकडं निघाले. "आमच्या रखमाची पाठ लावनाऱ्याला मी माझ्या हातानं फेटा बांधनार. रीत हाय ती. आन् रखमा, आजपास्नं आखाड्यात पाय ठेवू नगंस."

ह्येंनी मान खाली घातली. मास्तरांना म्हनले, "मला नगं ती नोकरी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पदर खोचला आन् मदी जाऊन उभी राहिले. "थांबा आबा! मास्तर मागनं आले. ह्येंची पाठ पहिल्यांदा लावली ती मी, गोठ्यामागं, ह्या हातांनी. रीत हाय न्हवं? मग बांधा फेटा. माझ्या डोक्याला बांधा!"

आबांनी फेटा गोळा केला, काखंत मारला आन् फाटकाकडं चालाय लागले. गावबी त्येंच्या मागनं. ह्याच आबांनी ह्येंना पोटच्या पोरावानी वाढवलेलं, आन् पाठ फिरवून चालले!

मास्तरांनी हळूच विचारलं, "रखमाजी, उद्यापासून येणार ना?"

ह्ये जानाऱ्यांकडंच बघत व्हते. डोळे भरले व्हते. "येतो," म्हनले, त्येबी पुटपुटून.

"मोठ्यानं सांगा," मी म्हनले. "ऐकू दे त्येंना."

"येतो!" ह्ये वरडले.

एकानंबी मागं वळून बघितलं न्हाई.