गणपतराव मास्तरांची जांभळाची वाइन

गणपतराव मास्तरांनी उभी हयात विज्ञान शिकवलं. यीस्ट, म्हणजे किण्व, हा त्यांचा हातखंडा धडा. हवा मिळाली की किण्व साखर पार जाळतं, अंग धरतं, पोराबाळांनी घर भरतं. हवा तोडली की तीच साखर अर्धवट जळते आणि मद्य उरतं. साखर संपल्यावर पुन्हा हवा दिली, तर पठ्ठं स्वतःच केलेलं मद्यही खाऊन बसतं. हे मास्तर झोपेतही सांगत. करून बघायची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली, तीही व्याह्यांच्या कृपेनं.

व्याही आकाराम साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतले. लेकीच्या साखरपुड्यात चारचौघांत म्हणाले, "मास्तर, तुमचं किण्व फळ्यावरच फसफसतंय की!"

मास्तरांच्या जिव्हारी लागलं. "आखाडाच्या मटणाला या. माझ्या हातची वाइन पाजतो!"

राधानगरीची जांभळं आली, शाहूपुरीतल्या बेकरीतून यीस्ट आलं. बरणीत रस, तोंडाला घट्ट बूच, बुचातून सलाइनची नळी, नळीचं टोक पाण्यात. आतला वायू बाहेर पडावा, बाहेरची हवा आत जाऊ नये. बुडबुडे सुटले आणि मास्तर खुर्ची टाकून समोर बसले.

पण दारात आलेल्याला कोल्हापुरात नुसते बुडबुडे दाखवून धाडायचं? दूधवाला आला. "वास तर घ्या की पावणं!" बूच निघालं. भिशीच्या बायका आल्या, बूच निघालं. उघड्या बरणीवर हात ठेवून मास्तर प्रत्येकाला बजावत, "हिला हवा लागता कामा न्हाय!" साखर संपून बुडबुडे थांबले, तरी दर्शन चालूच.

"अहो, झाका की ते," त्यांच्या पत्नी बायडाबाई म्हणाल्या. "बारशाचं पोर हाय व्हय, येईल त्यानं तोंड बघायला?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून मास्तरांनी शेजाऱ्यांना हाक मारली.

आखाडात व्याही आले. मास्तरांनी स्वतः पेला भरला. आकारामांनी घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले.

"मास्तर, किती जणांनी बघितली ही?"

"समदी आळी येऊन गेली!" मास्तरांची छाती फुगली.

"तरीच. निम्मी दारू किण्वानं परत खाल्ली, उरलेलीचं हवेतल्या जिवाणूंनी व्हिनेगर केलंय."

बायडाबाईंनी कांदे चिरले आणि त्यांवर पेला रिता केला. व्याह्यांनी मटणासोबत तो कांदा मागून मागून खाल्ला. "असा कांदा जन्मात खाल्ला न्हाई, मास्तर!"

मास्तर वाढत राहिले. मान मात्र त्यांनी वर केली नाही.