ओल्या मुलखातलं केकताड

वसमतच्या फलाटावर आबा स्वतःच्या ट्रंकेवर बसले होते, गाडीकडे पाठ करून. त्यांच्या पायाशी बसून गयाबाई, माझी थोरली बहीण, रडत होती.

"आगं, काहून रडून राहिली?" आबा म्हणाले. "हे पोरगं मला विलायतेला शिकवायला नेऊन राहिलं. चार बुकं वाचतो अन् येतो माघारी."

आबांना अक्षर येत नव्हतं. पोचवायला आलेली सगळी वस्ती हसली. मी हसलो नाही. मी माझ्या बापाची सुटका करतो आहे अशी माझी पक्की समजूत होती, आणि सुटकेच्या वेळी हसणं मला शोभत नव्हतं.

गया, तू गुरुजींकडून लिहून घेतलेल्या दोन्ही पत्रांत एकच प्रश्न विचारलास: आबाला तिकडं करमत होतं का? दोन्ही वेळा मी 'होय' लिहिलं. ते खोटं होतं. खरं काय ते आता लिहितो. कुरुंद्याच्या आपल्या वस्तीतून जे औरंगाबादला, मुंबईला, कुठेकुठे गेले, त्यांनाही हे वाचून दाखव. त्यांनीही एखाद्या म्हाताऱ्याला सोबत नेलं असेल.

आपल्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. मी अक्षरं शिकलो तीच पत्रकांवर. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आलेले आबा विहारासमोर बसायचे आणि मी मोठ्याने वाचायचो. "कोणाच्या हुकमानं जगू नका. ज्याचं त्यानं ठरवावं." हे वाक्य आलं की आबा हात वर करायचे. मी थांबायचो. "फिरून म्हण," म्हणायचे. मी फिरून म्हणायचो.

पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर मी इंग्लंडला आलो आणि उत्तरेकडच्या एका गिरणगावात, रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. लिहिणं सुटलं नव्हतं. आपल्या वावराच्या तुकड्याकडे जाणारी गाडीवाट पाटलाची माणसं दरवर्षी नांगरून अरुंद करतात, यावर मी इथून एक पत्रक लिहून पाठवलं. नावं घालून लिहिलं. तुम्ही ते छापून वाटलंत. आठ दिवसांत त्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या आणि आबांना दुकानात माल, गिरणीत दळण, गावाचं बोलणंचालणं सगळं बंद झालं. तीन हजार कोसांवर उबदार खोलीत बसून मी लिहिलं होतं. भोगलं आबांनी.

म्हणून मी त्यांना न्यायला आलो. आबा म्हणाले होते, "वाट बंद केली त्यांनी, वावर न्हाई बंद केलं. मी बांधावरून जाऊन राहिलो की." बांधावर आबांनी लावलेलं केकताड होतं, शहरात ज्याला घायपात म्हणतात ते, छातीएवढं उंच. त्याच्या काट्यांतून अंग चोरत ते रोज जायचे. दंडांवर ओरखडे होते. ते ओरखडे बघून माझं डोकं फिरलं. तिथे जगणं म्हणजे वाकणं, असं मी त्यांना सुनावलं. परत जाऊन दीड वर्ष कागदपत्रं केली आणि पुन्हा येऊन त्यांना गाडीत बसवलं.

इथे पाऊस पडत नाही, तो असतोच. आपला पाऊस येतो, झोडपतो आणि जातो. इथला महिनोन्महिने नुसता ठिबकतो. भिंती ओल्या, वॉलपेपरच्या मागे बुरशी, धुतलेलं धोतर तीन दिवस ओलं. आबांनी आठ दिवसांत धोतर सोडून माझी पँट घातली आणि आरशासमोर उभे राहून म्हणाले, "आता पाटील वळखायचा न्हाई. रामराम घालल मला."

नवव्या दिवशी मागच्या अंगणातून त्यांनी हाक मारली. भिंतीपलीकडे बोट दाखवून ओरडत होते, "केकताड! लेका, केकताड हाय हितं!"

ते युक्का होतं. तलवारीसारखी पानं, टोकाला सुई, पानांच्या कडेला लोंबणारे दोरे. शेजारचा फ्रँक, गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा, अशी तीन झाडं उघड्यावर सांभाळत होता. आबांनी एक दोरा उपटला, मांडीवर वळला आणि फ्रँकला ताणून दाखवला. फ्रँकनेही ताणून बघितला. तेवढ्यावर दोघांची दोस्ती झाली. आबा मराठीत बोलायचे, फ्रँक त्याच्या बोलीत, आणि मी दुभाषाचं काम करायला गेलो की दोघेही मला हाताने बाजूला सारायचे.

फ्रँकने झाडाच्या मुळाशी फुटलेलं एक पिलू काढून दिलं. लावायचं कसं तेही दाखवलं. खड्डा खणून अर्धा विटांच्या तुकड्यांनी भरायचा, वर जाड रेती, मातीला उंचवटा. हिवाळा आला की पानं वर गोळा करून सैल बांधायची आणि चार विटा रचून वर एक काच ठेवायची. बाजू चारही उघड्या. "थंडी याला मारत नाही," फ्रँकने मला सांगितलं. "बर्फातही जगतं. गाभ्यात पाणी बसलं आणि वारा लागला नाही, की मेलं." मी हे आबांना सांगायला लागलो तर म्हणाले, "मला काय सांगतोस? केकताडाला पाणी घालणारा येडा असतो."

नोव्हेंबरात आबांना खोकला लागला. मी त्यांचं बाहेर जाणं बंद केलं. दोन स्वेटर, ओव्हरकोट, खोलीत रॉकेलचा हीटर. खिडक्यांच्या फटींत कागद कोंबले. त्या हीटरने काचांवर पाणी धरायचं आणि ते भिंतीवरून ओघळायचं. आबा म्हणायचे, "जरा हवा येऊ दे." मी म्हणायचो, "आबा, तुम्हाला इथली थंडी माहीत नाही." ते म्हणायचे, "व्हय. तुला सगळं माहीत."

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. चार विटांवरच्या काचेखाली ते एवढंसं झाड उघडं उभं होतं. मला ते बघवेना. गावी कडाक्याच्या थंडीत आपण पपईच्या रोपांना गोणपाट गुंडाळायचो, ते आठवलं. कारखान्यातून गोणपाट आणलं, झाडाला दोन वेढे दिले, वरून प्लास्टिक घट्ट बांधलं. आबा खिडकीच्या काचेवर बोटं वाजवत होते. आत गेलो तर म्हणाले, "उघडं ऱ्हाऊ दे त्याला. गुदमरल."

"मरेल उघड्यावर," मी म्हणालो.

"फ्रँकची तीन मेली का?"

 मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस होतो.

फेब्रुवारीत सोडलं तर गोणपाट भिजून चिंब झालेलं, आणि मधलं पान धरताच गाभा हातात आला. तपकिरी, बुळबुळीत, घाण मारणारा. तो वास मी ओळखला. दोरीसाठी वाख, म्हणजे धागा, काढायला केकताडाची पानं आपण ओढ्याच्या डोहात कुजत घालायचो, त्या डोहाचा वास. आबांनी शांतपणे बाहेरची पानं गोळा केली. "कुजवलंसच तर वाख तरी काढू," म्हणाले. न्हाणीच्या टबात ती धुतली, दगडावर ठेचली, आणि जो काही मूठभर धागा निघाला त्याची बोटभर जाडीची दोरी वळली. त्या दोरीने त्यांनी आपली ट्रंक बांधली आणि दाराजवळ नेऊन ठेवली.

"जयंतीला मी गावात पाह्यजे," ते म्हणाले. "पासपोर्ट दे माझा."

पासपोर्ट माझ्या कपाटात होता, कुलपात. हरवेल म्हणून मी ठेवला होता, असं मी म्हणायचो.

मी त्यांना भाषण दिलं. गया, मला लाज वाटते, पण दिलं. परत जाणं म्हणजे हार. त्या काट्यांपुढे आपण नमलो असा अर्थ होईल. मी तुम्हाला पुन्हा कोणापुढे कंबर वाकवायला पाठवणार नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कंबर माझी हाय ना? कुठं वाकवायची, कुठं न्हाई, ते मला कळतं. ज्याचं त्यानं ठरवावं, हे तूच वाचून दावायचास. का ते निस्तं पाटलासाठी लिव्हलेलं व्हतं?"

मी म्हणालो, जयंतीला नेतो. एप्रिल आला तेव्हा रजा नाही म्हणालो. रजा होती, मी मागितली नव्हती. मग म्हणालो, पुढच्या जयंतीला नक्की. आबांनी वाद घातला नाही. ट्रंक दाराजवळच राहिली, मी रोज तिच्या कडेने कामावर जात राहिलो.

त्या उन्हाळ्यात मेलेल्या झाडाच्या जागी मुळापासून कोंब आला. आबांनी तो माझ्या हाती लागू दिला नाही. फ्रँकच्या मदतीने विटांचा चुरा घालून उंचावर लावला आणि थंडीच्या तोंडी वर काच ठेवली. मी जवळ गेलो की आबा म्हणायचे, "लांबून बघ. तकलीफ देऊ नको त्याला."

दुसऱ्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला. डॉक्टरने घरातल्या ओलीकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाला, खोलीत हवा खेळती ठेवा. मी मान हलवली. बाहेर बर्फ होता. मी ठेवली नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी मी चहा घेऊन गेलो. आबा उठून बसले होते. "खिडकी उघड," म्हणाले. "जीव गुदमरून राहिला."

"बाहेर बर्फ आहे, आबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. सालभर दुसऱ्याच्या वावरात राबताना मालकाकडे बघायचे, तसं बघितलं. मी खाली डॉक्टरला फोन करायला गेलो आणि वर आलो तेव्हा ते गेले होते. खिडकीच्या फटीतला कागदाचा एक बोळा त्यांनी काढलेला होता. एकच निघाला होता.

गया, आबाला इथे करमत नव्हतं. एक दिवस नाही. त्यांना यायचं होतं आणि मी येऊ दिलं नाही. पाटलाने एक वाट अडवली होती, तिला वळसा घालून आबा रोज आपल्या वावरात पोचायचे. मी अडवलेल्या वाटेला वळसाच नव्हता.

फ्रँक परवा भिंतीवरून म्हणाला, तुझ्या वडिलांचं झाड जगलं, मार्चमधला पाऊसही त्याने काढला. चांगलं आहे. मला त्याचं काही वाटत नाही. पत्रक लिहितो म्हटलं तर लिहिता येत नाही. 'कोणाच्या हुकमानं' एवढं लिहिलं की हात थांबतो.

माझ्या इथल्या खोलीत कोणी काही विचारत नाही. कारखान्यात तिघेचौघे 'वाईट झालं' म्हणाले आणि विषय संपला. आपल्या वस्तीत तसं होणार नाही. मी वसमतला उतरलो की पहिलं माणूस विचारील, आबाला काहून आणलं न्हाईस? दुसरं विचारील. विहारासमोर बसवून सगळे विचारतील, आणि त्यांना तो हक्क आहे. मला असं विचारणारं दुसरं ठिकाण या जगात नाही, म्हणून तेच माझं घर. आणि म्हणूनच तिकडे यायची माझी छाती होत नाही.