दोन बरोबरच्या खुणा

ड्रेसरकाका कुठल्याही जनावराला हात लावण्याआधी जमिनीवर बसायचे. गुडघे दुखायचे, तरी बसायचे. आमच्या बेसा भागातल्या इमारतीच्या जिन्यात एखादं कुत्रं गुरगुरत असलं की भिंतीला धरून हळूहळू खाली टेकायचे आणि दुसरीकडे बघत राहायचे. "उभ्या माणसाले जनावर भेते," म्हणायचे. "आधी आपण लहान व्हा, मंग त्याच्याशी बोला."

नरखेड तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत ड्रेसर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई देईपर्यंत बैल धरायचा. निवृत्तीनंतर ते आमच्या खालच्या मजल्यावर मुलाकडे राहायला आले. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. एका मांजरीच्या चाव्यात गेलं होतं. त्याबद्दल एवढंच सांगायचे, "तिची चूक नव्हती. मीच घाई केली."

मी शाळेच्या कार्यालयात काम करते. किराणा, औषधं, घरातल्या दुरुस्त्या, सगळं लिहून ठेवते. त्या उन्हाळ्यात आमचा बोका भुऱ्या वाळूचा ट्रे सोडून घरभर मुतायला लागला, तेव्हा मी फ्रिजवर तक्ता लावला. तारीख, जागा, शिक्षा. सोफा: नाक घासलं. गादी: तोंडावर पाणी मारलं. इस्त्रीचे कपडे: दोन फटके.

काका चहाला आले की तक्ता वाचायचे. एकदा म्हणाले, "ताई, शिक्षा तर वाढून राहिली. मुतणं काहून कमी नाही होऊन राहिलं?"

"कोडगा आहे तो."

"कोडगा नाही वं. शिक्षा कशाची, हेच त्याले समजलं नाही. तू येते आन् मारते, इतकंच समजलं. आधी सोफ्यावर करे, आता कपाटामागं करते. मारल्यानं मुतणं नाही थांबत, तुह्यासमोर मुतणं थांबते."

मग त्यांनी तक्त्यातल्या पहिल्या तारखेवर बोट ठेवलं. "याच्या आधी घरात नवीन काय झालं?"

मी माझी वही काढली. आदल्या दिवशी कूलर लावला होता. दरवर्षीप्रमाणे गॅलरीत, स्टँडवर. यंदा भुऱ्याचा ट्रे त्या स्टँडखालीच होता. वर मोटार घरघरायची आणि वाळूवर पाणी ठिबकायचं.

"डोक्यावर पिठाची गिरणी चालून राहिली असती, तर तू गेली असती का अशा संडासात?" काका हसले. मलाही हसू आलं.

ट्रे मी त्याच दिवशी आतल्या खोलीत हलवला. पण शिक्षा बंद करायला तयार झाले नाही. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त बरा, असं माझं म्हणणं. "ते नको करू," एवढंच बोलून काका एका लग्नासाठी नरखेडला गेले.

ते परतले तेव्हा मी त्यांना मुद्दाम वर बोलावलं. तक्त्यावर दोन बरोबरच्या खुणा होत्या. दोन दिवस घरात कुठेही घाण नाही. "पाहिलंत? शेवटचे फटके लागू पडले," मी म्हणाले.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "ट्रेमधली वाळू ओली होती का?"

मी पाहिलं नव्हतं. त्याचा रकाना नव्हता.

भुऱ्या कपाटामागे होता. काका त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी त्याच्या पोटाखाली हात सरकवला. पोट कच्च्या मोसंबीसारखं टणक झालं होतं. "लघवी अटकली," ते म्हणाले. "रिक्षा बोलाव."

डॉक्टरांनी नळी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी भुऱ्या गेला. बोक्यांना हा आजार होतो, डॉक्टर म्हणाले. भीतीनं वाढतो, पण तेच कारण होतं असं सांगता येत नाही. पहिल्या दिवशी आणला असता तर वाचला असता, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. पहिल्या दिवशी मी खूण केली होती.

त्याला पुरून परतलो, तेव्हा मला जिना चढवेना. पायरीवरच बसले. काका भिंतीला धरून माझ्याशेजारी टेकले आणि दुसरीकडे बघत राहिले.

"काका, रागवा मला. काहीतरी बोला."

"त्यानं काय होईन? तू मले सांगणं बंद करशीन."

मग मी सांगितलं. दुसऱ्या खुणेच्या दिवशी तो सारखा ट्रेमध्ये जात होता, बाहेर येत होता, ओरडत होता. आता पुन्हा घाण करणार, असं वाटून मी त्याला बाथरूममध्ये कोंडलं होतं. आणि ते तक्त्यात लिहिलं नव्हतं.

काकांनी ऐकून घेतलं. माझं रडणं थांबेपर्यंत ते तिथेच बसून होते.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. तक्ता अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या खुणेसमोरचा शिक्षेचा रकाना बरेच दिवस कोरा होता. काकांच्या तेराव्याहून आल्यावर तो भरला: बाथरूम, सकाळपासून दुपारपर्यंत.