लीजवर दोघी, घरात सहा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई पुण्यात पोळीभाजीचे डबे करायची. त्या डब्यांवर मी स्टॅटिस्टिक्स शिकले आणि पुढे ऑस्ट्रेलियात वेस्टमीडला आरोग्याच्या आकडेवारीत नोकरी मिळवली. हे मी मिरवते, आणि मिरवणारच.

तिथलं माझं पहिलं मोठं काम म्हणजे एक नकाशा. पुढची साथ आली तर कुठला भाग आधी आडवा होईल? म्हातारी माणसं किती, डायबिटीस आणि दम्याचे पेशंट किती, एका घरात माणसं किती, हॉस्पिटल किती लांब, हे सगळं एकत्र करून प्रत्येक भागाला रंग द्यायचा. जिथे लाल, तिथे लसीची गाडी आधी; जिथे हिरवा, तिथे शेवटी. शुक्रवारी नकाशा पूर्ण झाला तेव्हा मला खुर्चीत बसवेना. मी इथे आल्यावर राहिले तो भाग, हॅरिस पार्क, मस्त हिरवा आला होता: तरुण वस्ती, घरात माणसं कमी, हॉस्पिटल दोन स्टेशनांवर.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. तिला लॅपटॉपवर दाखवला.

"तू पहिल्यांदा राहिलीस ती बिल्डिंग कुठली?" मी बोट ठेवलं. "तिथे किती माणसं धरलीस?"

मी म्हटलं, जनगणनेप्रमाणे घरटी दोन-तीन.

"वेडी का गं तू? सहाजणी होतात ना? कणीक किती भिजवायची ते मलाच फोन करून विचारायचीस."

लीजवर दोघींचीच नावं होती. घरमालकाच्या एजंटला कळलं तर बाहेर काढेल या धास्तीने जनगणनेच्या फॉर्ममधून आम्ही चौघींना गाळलं. तो फॉर्म एजंटकडे जात नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक! आणि भरला होता मीच, कारण आकडे शिकलेली मीच. गाळलेल्यांपैकी दोघी वृद्धाश्रमात शिफ्टला जायच्या, एकीला दमा. एकीला सर्दी झाली की आठवड्यात सगळं घर खोकायचं. साथीला याहून सोपं घर कुठलं मिळणार?

मग मी जुन्या शेजाऱ्यांना फोन लावत सुटले. वरच्यांनी हेच केलेलं, समोरच्यांनीही. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, माझ्या अंगात वारं भरलं होतं. नकाशा चुकलाय, आणि का चुकलाय ते अख्ख्या ऑफिसात एकट्या मला माहीत आहे!

भीतीही होती. काँट्रॅक्ट सहा महिन्यांचं. सोमवारी बॉससमोर उभी राहून सांगून टाकलं की हॅरिस पार्कचा हिरवा रंग खोटा आहे, आणि त्यातला थोडा खोटेपणा माझ्या हातचा आहे. ती ऑस्ट्रेलियन बाई, फार बोलणारी नाही. तिने एवढंच विचारलं की अशी घरं किती असतील. म्हटलं, ठाऊक नाही, पण मी दारं वाजवू शकते, ती माणसं माझ्याशी बोलतील. तिने शुक्रवारपर्यंत नकाशा थांबवला आणि बजावलं, कुणाचं नाव लिहायचं नाही.

त्याच आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मी जुन्या बिल्डिंगमध्ये. तिसऱ्या मजल्यावर एका दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग, आतून मराठी ऐकू येत होतं. एका मुलीने दार अर्धंच उघडलं.

"आम्ही दोघीच राहतो," ती म्हणाली.

मी सांगितलं की मी याच बिल्डिंगमध्ये राहायचे आणि आम्हीही दोघीच होतो, कागदावर. मी एजंटची माणूस नाही, मला नावं नकोत. साथ आली तर लसीची गाडी या गल्लीत आधी यावी, म्हणून मोजतेय.

तिने दार पूर्ण उघडलं. मग मागे वळून म्हणाली, "अगं, या गं सगळ्या बाहेर."

तिला धरून सातजणी झाल्या. सगळ्यांच्या मागून एकीची आई आली, हातात दम्याचा पंप. मी कागदावर आठ लिहिलं, त्यापुढे दमा. पुढचं दार त्याच मुलीने वाजवून दिलं.