बावीस जोड बूट

बूटवाल्या काकांच्या दुकानात एकदा माप दिलं, की ते जन्माचं झालं. कागदावर पाय ठेवायचा, काका भोवतीने पेन्सिल फिरवणार, मग तो कागद नाव घालून लाकडी खणात जाणार. पुढे तुम्ही दहा वर्षांनी फोन करून "काका, एक काळा जोड करा" एवढंच म्हणालात तरी भागायचं. माणसाचं पोट सुटतं, केस जातात, मतं तर रोज बदलतात, पाय तेवढा इमानदार असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. गिऱ्हाईक निवर्तलं तरी त्याचा कागद फाडायला त्यांचा हात धजावत नसे. त्यामुळे खणात निम्मी मंडळी हयात नसलेलीच होती. लहान मुलांचं माप मात्र त्या खणात एकही नव्हतं. मुलांचे बूट कोण शिवून घेतो? बाजारातून तयार आणतात आणि सहा महिन्यांनी टाकून देतात.

काकांच्या घरीही मूलबाळ नव्हतं. काकू होत्या, त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काका दुकानात जास्त आणि घरी कमी राहू लागले. पण दुकानात तरी कोण येणार? आठवड्याला एखादा तळ बदलायला यायचा, तोही मोबाईलवर बोलत बोलत चप्पल ठेवून निघून जायचा. काका दिवसातून तीन वेळा काउंटर पुसत. त्यावर धूळ बसायला माणसांची ये-जा तरी हवी होती, पण पुसत.

अशातच एका जुन्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, परदेशात याल का? माझी मैत्रीण तिकडे अनाथाश्रम चालवते. बावीस मुलं आहेत. तीन महिने राहायचं, सगळ्यांना बूट करून द्यायचे, मोठ्या मुलांना दुरुस्ती शिकवायची. पगार नाही, पण राहणं-जेवण त्यांचं."

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला बोलावतायत? नक्की मलाच?"

पुढे सुरू झालं कागदांचं लचांड. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, दोन्ही दंडांवर सुया टोचून घेतल्या. पोलीस ठाण्यात चारित्र्याचा दाखला मागायला गेले, तर तिथल्या हवालदाराने रजिस्टर चाळून विचारलं, "तुमच्या नावावर काहीच कसं नाही हो?" हे कौतुक आहे की संशय, ते काकांना घरी पोचेपर्यंत कळलं नाही. फॉर्मवर एक रकाना होता, 'काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावे'. तिथे त्यांनी धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं. दुसरं नाव लिहायलाही जागा होती, ती तशीच राहिली.

आणि मग मापं आली. आश्रमाच्या बाईंनी बावीस कागद पाकिटात घालून पाठवले होते. प्रत्येकावर दोन पावलं, खाली नाव आणि वय. एकाने स्वतःच्या पावलाला नखं काढली होती. एकाला पेन्सिलीने गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण रेघ मध्येच उडाली होती. सहा वर्षांच्या एका मुलीचा तळवा पार सपाट होता, तिच्या बुटात आतून उंचवटा द्यावा लागणार, हे काकांनी बघताक्षणी ओळखलं. तिकडे जाऊन वेळ का घालवा, बूट इथूनच करून न्यावेत आणि तिकडे शिकवण्याला वेळ द्यावा, असं त्यांनी ठरवलं.

व्हिसाचं घोडं मात्र कुठे अडलं ते कोणालाच सांगता येईना. एकदा फोटो लहान म्हणून फॉर्म परत आला, एकदा सही मोठी म्हणून. असे अकरा महिने गेले. काकांना त्याचं दुःख नव्हतं, कारण ते अकरा महिने त्यांचे तीन वर्षांतले सर्वांत भरलेले महिने होते. ते सकाळी दुकान उघडत, एक कागद पुढ्यात घेत आणि त्याच्याशी बोलत. "तू जरा बाहेरच्या बाजूने झिजवणार, होय ना? थांब, टाच पक्की करतो." "तुझी नखं छान आहेत हं." बावीस नावं त्यांना तोंडपाठ झाली. प्रत्येक जोडात आतल्या बाजूला त्यांनी बारीक ब्रशने नाव लिहिलं. बोट पुढे टेकणार नाही, टाच मागे हलणार नाही, असे नेमके मापाचे बूट. हात इतका जमून आला होता, की काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, आता पुरे, नजर लागेल.

व्हिसा आला, तिकीट मंगळवारचं निघालं. शनिवारी सकाळी बहीण सामान बांधायला आली. टेबलावर बावीस जोड ओळीने मांडलेले बघून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अगं बाई! दादा, किती गोड झालेत रे!" तिने एक उचलला, उलटा-पालटा केला. "मापं कधी आली होती?"

"आली की, फॉर्म भरला तेव्हाच. गेल्या वर्षी."

बहिणीने बूट हळूच खाली ठेवला. "दादा, वर्षभरात पोरांचे पाय दीड-दोन नंबरांनी वाढतात. माझ्या नातीला शाळा सुरू होताना घेतलेले बूट सहामाहीला होईनात."

काकांनी तोच बूट उचलून हातात धरला. चाळीस वर्षं पायांत घालवलेला माणूस, आणि ही एवढी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

"माप एकदा घेतलं की..." ते म्हणाले आणि थांबले.

"अरे, तुला तरी कसं कळणार? तुम्हाला काही..." बहिणीने जीभ चावली. पण जायचं ते जाऊन पोचलं होतं. काकूंनी आणि त्यांनी हे वाक्य तीस वर्षं लोकांच्या तोंडून अर्धंच ऐकलं होतं. सख्ख्या बहिणीकडून ते इतक्या मायेने आलं, म्हणून जास्त लागलं.

"मी जात नाही," काका म्हणाले. "कुठल्या तोंडाने जाऊ? तिकीट परत करून टाक."

बहिणीने समजूत घातली, चिडली, चहा केला, शेवटी हात टेकले. पण जाताना बजावून गेली, निदान आश्रमाच्या बाईंना फोन तरी कर, त्या वाट बघत असतील. दुपारी काकांनी फोन लावला. बाई इकडच्याच, लग्न होऊन तिकडे गेलेल्या. काकांनी चाचरत सगळं सांगितलं.

बाई हसल्या. "लहान झाले? होणारच ना काका. घेऊन या तसेच. लहान मुलं आमच्याकडे येतच असतात. फक्त आत नावं लिहिली असतील, तर तेवढी पुसून आणा."

"पुसतो," काका म्हणाले. मग न राहवून विचारलं, "ती सपाट तळव्यांची मुलगी कशी आहे? सहा वर्षांची?"

"ती? तिला घर मिळालं की! पाच जणांना मिळालं यंदा. सात नवीन आलीत."

काकांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्यांनी तिचा छोटा जोड उचलून मांडीवर घेतला. अकरा महिने ते ज्यांच्याशी बोलत होते, त्यांतल्या एकालाही काका नावाचा कोणी माणूस आहे हे ठाऊक नव्हतं. ती आपापली वाढत होती, जात होती.

"येताय ना?" बाईंनी विचारलं. "चामडं आणि मुलं, दोन्ही इथे आहेत. हत्यारं तेवढी आणा."

"येतो." तो शब्द त्यांनी ठरवून उच्चारला नव्हता, तो निघून गेला.

"मग एक गोष्ट आत्ताच शिकून ठेवा. आमची मुलं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारतात, तुम्ही कधी जाणार? खोटं सांगायचं नाही, विषय बदलायचा नाही. तारीख सांगायची. ती रडत नाहीत, त्यांना फक्त माहीत हवं असतं." बाईंनी तिकडच्या भाषेतलं ते उत्तर शिकवलं: मी तीन महिन्यांनी जाणार आहे. काकांनी म्हटलं, बाईंनी सुधारलं, पुन्हा म्हटलं. सातव्या वेळी बाई म्हणाल्या, आता बरोबर.

रविवारी दिवसभर काका ओल्या फडक्याने नावं पुसत बसले होते आणि तेच वाक्य घोकत होते. रिकाम्या दुकानात ते छान, स्पष्ट ऐकू येत होतं. मुलांनी विचारलं तर सांगायला आता त्यांच्याकडे उत्तर होतं. कोणीच विचारलं नाही तर काय करायचं, हे बाईंना विचारायचं त्यांना धाडस झालं नव्हतं.