अर्लीन टॉलिव्हरचं नाव

मेम्फिसच्या त्या लाँड्रीत आम्ही सगळ्या काळ्या बायका. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी आमच्या हातून इस्त्री होऊन जायच्या. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात आत एवढी वाफ असायची की शेजारणीचं तोंड दिसत नसे. फोरमन कल्पेपर हा पंचविशीतला गोरा पोरगा, पण आईच्या वयाच्या बाईलाही ‘ए पोरी’ म्हणूनच हाक मारायचा.

माझ्या शेजारच्या मशीनवर अर्लीन टॉलिव्हर होती. चर्चमध्ये ती गायला उभी राहिली की पाळकसाहेब आपलं प्रवचन आवरतं घ्यायचे. एका दुपारी म्हातारी लुवीनिया चक्कर येऊन पडली. कल्पेपर म्हणाला, "ए पोरी, तिला बाजूला ओढ आणि मशीन चालू ठेव." अर्लीननं लुवीनियाचं डोकं मांडीवर घेतलं, तिला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गाणं धरलं. आळवणी चर्चमधली, ठेका खाणावळीतल्या जूकबॉक्सवर नाणं टाकून वाजणाऱ्या, आम्हा काळ्यांच्या सोल गाण्यांचा आणि शब्द तिचे स्वतःचे: ‘दिवसभर राबवतोस, माझं नाव तरी घे.’ ऐकणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्याशी भांडतेय. आम्ही मशीनच्या पेडलवर ताल धरला. दोन दिवस कल्पेपरही मान डोलवत होता. मग आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघून गायला लागलो, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"गाणं बंद!"

"का हो? नवऱ्यावर आहे माझ्या."

"तुझा नवरा मेलाय."

"म्हणून तर ऐकत नाही मेला. पण तुम्हाला का झोंबलं?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. त्यानं तिला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

ती घरी गेलीच नाही. फाटकाबाहेर उभी राहून तेच गाणं म्हणू लागली, आता नवऱ्याबिवऱ्याचं सोंग टाकून, सरळ कल्पेपरचं नाव घालून. आधी लुवीनिया उठली. "पाणी पाजलंय तिनं मला," एवढंच म्हणून चालू लागली. तिच्यामागे मी आणि मग अख्खी रांग.

हॉटेलांतल्या धुतलेल्या चादरी संपल्या, तसा लाँड्रीचा मालक धावत आला. पंखे देतो म्हणाला, जेवणाची सुट्टी वाढवतो म्हणाला, फक्त ती गाणारी नको. "मग चादरी तुम्हीच धुवा," आम्ही म्हटलं. आणखी आठवडाभर उन्हात उभ्या राहिलो. चर्चमधून उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव यायचा. शेवटी मालक नमला.

कामावर परतलो त्या सकाळी कल्पेपर पुटपुटला, "मिसेस टॉलिव्हर, मशीनवर जा."

"ऐकू नाही आलं. वाफ फार आहे."

त्याला ओरडून म्हणावं लागलं.

पुढे शिकागोची एक कंपनी तिच्या गाण्याची रेकॉर्ड काढायला तयार झाली, फक्त शब्द जरा गोड करा म्हणाली. अर्लीन म्हणाली, "गोड हवं असेल तर केक करून देते." रेकॉर्ड काही निघाली नाही. पण त्यानंतर शहरात कुठंही संप झाला की तिला बोलावणं यायचं आणि ती जायची.